शेवंतीवरचा तो बल्ब आधी काढा

‘थंड हवेत सोनटक्का, कर्दळ, डेलिया, शेवंती फुलवण्याचे खात्रीशीर उपाय’ हा मेसेज इतक्यांदा फिरून आलाय की मी न उघडताच पुसून टाकत होतो. काल मात्र आत्याने फोटो पाठवला. शेवंतीच्या डोक्यावर बल्ब टांगलेला आणि खाली, ‘आता कळ्या धरतील ना रे?’ नाही गं आत्या. त्या बल्बमुळेच धरणार नाहीत.

मेसेज म्हणतो, ही झाडं उबेअभावी उशिरा फुलतात, म्हणून रात्रभर दिवा लावा. शेवंतीच्या बाबतीत तरी साफ चूक. शेवंती थांबते ती रात्र मोठी होण्यासाठी. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या दोघांनी १९२० सालीच हे छापून ठेवलंय. त्यांच्याकडचा तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच व्हायचा, फुलायचं नाव नाही. रोज काही तास अंधारात ठेवून त्याचा दिवस लहान केला, तर भर उन्हाळ्यात फुलला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी मोठ्या रात्री फुलणाऱ्या एका तणावर दाखवलं की रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड पडला तरी फुलणं बारगळतं. शेवंती पिकवणारे आजही फुलं लांबवायची असली की रात्री दिवे लावतात आणि लवकर हवी असली की काळं कापड ओढतात. म्हणजे फुलं अडवायची युक्ती हा मेसेज फुलं आणायची म्हणून वाटत फिरतोय! बरं, एलईडीच्या बल्बला ऊब तरी कितीशी?

मेसेजमधल्या ‘युरिया घाला’ या सल्ल्याचं तर बोलायलाच नको. थंडीच्या तोंडावर युरियातलं नत्र दिलं की लुसलुशीत पाला फुटतो आणि गारठा आधी त्यालाच गाठतो.

‘शेंडे खुडत राहा’ हे शेवंतीला उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत चालतं, नंतर खुडलात तर कळ्याच खुडाल. सोनटक्क्याचा मात्र शेंडा कधीच खुडू नका. त्याचा फुलोरा दांड्याच्या टोकालाच येतो.

दव गोठणार असेल त्या रात्री मुळाशी गरम पाणी ओता, असंही त्यात आहे. यात अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. पण त्यासाठी साधं पाणी पुरतं, तेही दिवसा. उकळतं ओतलंत तर मुळंच शिजतील.

राहिलं ‘दिसायला परदेशी म्हणजे नाजूक, सगळे कंद उपटून घरात आणा’. सोनटक्क्याचे कित्येक भाऊबंद हिमालयाच्या उतारांवरचे आहेत. वरचा पाला काळा पडला तरी कंद जमिनीत जिवंत असू शकतो. माती खोलवर गोठत नसेल आणि पाण्याचा निचरा चांगला असेल, तर वर वाळल्या पानांचा जाड थर पुरतो. चिखलात थंडीच्या आधी कूजच कंद खाते. जमीन खोल गोठते तिथे मात्र कर्दळ आणि डेलिया काढून ठेवावेच लागतात. डेलिया काढताना जुन्या खोडाचा डोळा कंदाला राहू द्या, नुसत्या कंदाला कोंब येत नाही. आणि वसंतात बाकी सगळं फुटलं तरी सोनटक्का ढिम्म असेल, तर उकरून बघू नका. माती तापल्याशिवाय तो हलत नाही.