हरवला तो नुसता चित्रपट नव्हे

‘अ व्हॉझ दो कार्नाव्हाल’ या हरवलेल्या ब्राझिलियन बोलपटावरचा लेख वाचला. चित्रपट हरवल्यामुळे ब्राझीलची गायिका-नटी कार्मेन मिरांडा हिची पहिली भूमिका गेली, एवढंच नुकसान लेखात सांगितलंय. ते मला पटलं नाही. कार्मेन पुढे हॉलिवूडमध्ये गेली, तिची गाणी, तिचं नाचणं आजही पाहायला मिळतं. पण आदेमार गोन्झागा आणि हुंबेर्तो माउरो या दिग्दर्शकांनी १९३३ साली या चित्रपटात स्टुडिओतल्या प्रसंगांना रिओच्या खऱ्या कार्निव्हलची दृश्यं जोडली होती. सांबा शाळांची, म्हणजे कार्निव्हलमध्ये सांबा नाचत-गात मिरवणूक काढणाऱ्या मंडळांची, पहिली स्पर्धा १९३२ची, म्हणजे जेमतेम वर्षभर आधीची! त्या काळचं रिओ शहर सणात कसं दिसायचं, हे दाखवणारा बोलपटच आपण घालवून बसलो. त्यापुढे एका नटीचं पदार्पण मला तरी दुय्यम वाटतं.

मी पणजीत वाढले. आमच्याकडेही कार्निव्हलला किंग मोमो, म्हणजे सणाचा राजा, येतो, तो ब्राझीलसारख्याच पोर्तुगीज वारशातून. माझ्या बाबांनी एका वर्षी मिरवणूक टेपवर घेतली होती. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली आणि सगळं गेलं. त्यात गाणी होतीच, पण मला आठवण येते ती मधेच ‘अगो, हांगा यो’ म्हणून मला बोलावणाऱ्या आजीच्या आवाजाची. गाणी दुसरीकडे मिळतील, तो आवाज कुठून आणू? आपला ‘आलम आरा’ही असाच गेला. तरी त्याची गाणी कोणती होती, हे निदान नोंदलेलं आहे. रस्त्यावरच्या गर्दीची नोंद कोण ठेवतं? लेखात त्या गर्दीबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या.