कुलूप आमचं, किल्लीही आमचीच

मागच्या महिन्यात आमच्याकडे घरफोडी झाली. साळीच्या लग्नाला तीन दिवस यवतमाळला होतो. परत आलो तर सांदवाडीकडचं दार उघडं, कापसाचे बावन्न हजार आणि बायकोची पोत गेलेली. कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ली भिंतीतल्या देवळीतच होती, आजोबांच्या काळापासून तिथंच असते.

ओट्यावर जमलेल्यांनी दहा मिनिटांत चोर पकडले. "बेड्यावरचेच असतीन भाऊ, दुसरं कोण?" बेडा म्हणजे पारध्यांसारख्या जमातींची वस्ती. पाहिलं कोणी? कोणीच नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आमच्या ओट्यावर अजून चालू आहे. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसाव्यांतले पाच जण जमावानं मारले. संशयाची गस्त अशीच असते.

मला विचाराल तर बातमी मीच दिली होती. कापूस विकून नोटा चहाच्या टपरीवर मोजल्या. लग्नाचे फोटो तासातासाला स्टेटसला. दाराला बाहेरून कुलूप, आणि तीन दिवस अंगणात सडा नाही! यापेक्षा मोठी पाटी काय लावायची?

शेजारच्या काकाजींनी रात्री दोनला कुत्रा भुंकताना ऐकला होता. "म्हटलं डुक्कर आलं असंन." त्यांचंही बरोबर आहे. हरभरा उभा असला की निम्मे गडी रानात जागलीला. रोही-डुकरांपासून शेत राखायला माणसं आहेत, गावात मात्र रात्री म्हातारे आणि लेकरं. घरफोडीवर कोणी बोलतं तेव्हा सीसीटीव्ही म्हणतं. या जागलीचं कोणीच बोलत नाही. गस्तीची पाळी लावायची तर कोणाची जागल कोणत्या रात्री, ते आधी पाहा.

आणखी एक घोडचूक. पोलीस येण्याआधी बायकोनं आणि मी पसारा आवरून, कपाट पुसून ठेवलं. पाहुण्यांसमोर घर असं कसं दिसावं म्हणून! ठसेवाल्याला काय मिळणार मग? तुमच्याकडे असं झालं तर आधी ११२ लावा, पोलीस पाटलाला उठवा आणि ओट्यावरच बसून राहा.

पोलीस पाटलांनी आता गस्तीसाठी नावं मागितली आहेत. मी गुरुवार आणि रविवार दिला. पण पहिल्याच रात्री टॉर्च घेऊन बेड्याकडे निघायचं कोणी म्हटलं, तर मी तिथूनच घरी परत येणार, हे आजच सांगून ठेवलंय.