घरचा टोनआर्म रेकॉर्ड खराब करतो, हे खरं नाही

जुन्या एलपी गोळा करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टोनआर्म, म्हणजे सुई रेकॉर्डवर धरणारा फिरता हात, घरी करायच्या फंदात पडू नका. लेथ मशीनशिवाय तो होत नाही. लाकडाचा तर नाहीच. आर्म जितका हलका तितका चांगला. कोन आणि अंतरं कारखान्यालाच जमतात. आणि घरी केलेला आर्म रेकॉर्डची खाच खरवडून टाकतो. नव्यानं हौस लागलेली मुलं हे वाचून सुरुवातीलाच कच खातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

खरवडण्याचं आधी घेतो, कारण भीती त्याचीच आहे. खाचेला आर्म कुणी बनवला हे कळत नाही. तिला कळतो सुईचा दाब, सुईची दिशा आणि आर्मच्या हालचालीतला अडथळा. दाबासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, १.८ ग्रॅम सांगितले असतील तर १.८ च ठेवा, काळजीपोटी एकवर आणू नका. दाब कमी पडला की सुई खाचेत टिकत नाही, मोठ्या आवाजाला भिंतींवर आपटते, आणि खरी इजा तिथे होते. झिजलेली सुई आणि धूळ यांनी जितक्या रेकॉर्डी घालवल्या आहेत, त्याचं खापर आर्मवर फोडण्यात अर्थ नाही.

अडथळा मोजायलाही प्रयोगशाळा लागत नाही. आर्म मागच्या वजनानं शून्यावर तोला, म्हणजे तो आडवा तरंगला पाहिजे. मग नेहमीच्या ८० जीएसएमच्या कागदाचा एक सेंटिमीटर चौरस तुकडा कापून हेडशेलवर, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकावर, ठेवा. त्याचं वजन ८ मिलिग्रॅम भरतं. तेवढ्यानं आर्म खाली झुकला, तर उभ्या हालचालीतलं घर्षण त्याहून कमी आहे. हा निकाल घरच्या आर्मला मिळतो, कारण कडक पोलादाचं एक टोक आणि त्यावर पालथी बसलेली छोटी वाटी, एवढंच युनिपिव्हटला, म्हणजे एकाच टोकावर तोललेल्या आर्मला, लागतं. नेम कंपनीचा ॲरो हा आर्म याच तत्त्वावर चालतो. वेल टेम्पर्ड या टर्नटेबल कंपनीच्या बिल फायरबॉ यांनी तर बेअरिंगच काढून टाकलं: सिलिकॉन तेलात बुडालेला गोल्फचा चेंडू दोऱ्यानं टांगला आणि त्याला आर्म जोडला. लेथ मशीन हवंच, हा दावा इथेच कोसळतो. मजकुरातली एक गोष्ट मात्र मान्य करतो. चार बॉल बेअरिंगांचा गिंबल, म्हणजे आडवी आणि उभी हालचाल देणारी चौकट, घरी अचूक जुळवणं खरोखर अवघड आहे. पहिला आर्म तसा करू नये.

आता कोन आणि अंतरं. रेकॉर्ड कापताना कटर सरळ रेषेत केंद्राकडे जातो. आपला आर्म कमानीत फिरतो. या फरकाचं गणित पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये, एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलं. ते कुणाच्या तिजोरीत नाही. पिव्हट (आर्म फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (रेकॉर्डच्या मधली दांडी) अंतर २२२ मि.मी. धरा, सुई स्पिंडलच्या १७.३ मि.मी. पुढे जाऊ द्या (हाच ओव्हरहँग) आणि कार्ट्रिज २३ अंश आत वळवा. केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मि.मी. वर कोनाची चूक शून्य होते, आणि बाकी सगळीकडे साधारण दोन अंशांच्या आत राहते. कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर (सुई जुळवायचा आखलेला तक्ता) आणि चांगली पट्टी यावर हे जुळतं. छापून आल्यावर कागदावरचं माप पट्टीनं पडताळा, प्रिंटर आकार बदलतो.

ख्याल ऐकणाऱ्यांनी तर हे काम दुसऱ्यावर सोडूच नये. ३३⅓ च्या वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते, शेवटी जेमतेम २१. तेच स्वर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. आणि आपल्याकडे रेकॉर्डच्या बाजूची सुरुवात विलंबितानं होते, द्रुत ताना येतात अगदी आतल्या खाचांत. भीमसेनजींची तान शेवटी फाटलेली वाटली की लोक म्हणतात रेकॉर्ड गेली. पुष्कळदा ओव्हरहँग एक-दोन मिलिमीटर सरकवला की ती मोकळी होते. स्वतः आर्म केलेल्या माणसाला कुठला स्क्रू सैल करायचा हे ठाऊक असतं.

‘हलका तितका चांगला’ हा सगळ्यात चुकीचा मुद्दा आहे. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून सुईपाशी जाणवणारं जे परिणामी वस्तुमान होतं, त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सनं, म्हणजे सुईच्या लवचीकतेच्या आकड्यानं, गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. उत्तर म्हणजे आर्म आपोआप डोलू लागतो ती कंपनसंख्या; ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी: खाली वाकड्या रेकॉर्डीचे हेलकावे असतात, वर २० हर्ट्झपासून संगीत. ऑर्टोफोन २एम रेड हे कार्ट्रिज ७.२ ग्रॅमचं, कम्प्लायन्स २०. १० ग्रॅमचा आर्म आणि ०.८ ग्रॅमचे स्क्रू धरले तर ८.४ हर्ट्झ येतात. छान. डेनन डीएल-१०३ ताठ आहे. त्याचा ५ हा आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला, म्हणून इथे साधारण दुप्पट धरायचा. तरीही ५ ग्रॅमच्या आर्मवर तो १३ च्या वर जातो आणि १६ ग्रॅमच्या आर्मवर १० ला येतो. म्हणजे डेननसाठी हेडशेलला वजन जोडावं लागतं. मागच्या वजनाचंही तसंच: पिव्हटपासून ८० मि.मी. वर ५० ग्रॅम लावा की ४० मि.मी. वर १०० ग्रॅम, तोल सारखाच. पण सुईपाशी जाणवणारा त्याचा भार पहिल्यात ५.६ ग्रॅम, दुसऱ्यात २.८. तोललेला आर्म पुढे सुधारायचा तो असा.

लाकडाबद्दल फार बोलायला नको. पावसाळ्यात लाकूड फुगतं ते आडव्या अंगानं; रेषांच्या दिशेनं लांबी जवळपास बदलत नाही. सरळ रेषांचं, मुरलेलं लाकूड घ्या, सगळीकडून पॉलिश करा आणि पावसाळा लागल्यावर हेडशेल तिरपं झालेलं नाही ना, ते एकदा पाहा.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही: कार्ट्रिजमधून आवाज बाहेर नेणाऱ्या चार तारा. त्या ताठ असल्या तर स्प्रिंगसारख्या आर्मला एका बाजूला ओढतात आणि सगळी मेहनत वाया जाते. केसासारख्या बारीक तारा घ्या, पिव्हटजवळून सैल वेटोळं देऊन बाहेर काढा. शून्यावर तोललेला आर्म सपाट बैठकीवर कुठेही सोडला तरी सरकता कामा नये. सरकला तर वेटोळं बदला. डेननसारखं कार्ट्रिज फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं, म्हणून प्रत्येक चॅनलची जोडी पिळून घ्या आणि पिव्हटच्या धातूपासून पाचवी तार ॲम्प्लिफायरच्या अर्थला न्या, म्हणजे ५० हर्ट्झची घरघर लागणार नाही.