ग्रहण, विळी अन् सेरेब्रल पाल्सी: त्या मेसेजला उत्तर

परवापासून आमच्या लातूर-परभणीकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. म्हणे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लेकराला हालचाल नीट न जमण्याचा त्रास, पोलिओचाच प्रकार हाय, गरोदर बाईनं ग्रहणात विळी धरली की होतो नाहीतर डॉक्टरनं डिलिव्हरी बिघडवली की होतो, असली लेकरं मतिमंदच असतात, पण मालिश चालू ठेवा, पाच वर्षांत आपोआप चालतील.

ग्रहणाचं वाचून डोकंच फिरलं, कारण ज्या सुनेला आधीच सगळं घर बोलतंय तिच्याच माथी हे मारायलेत. हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला पोटात, जन्मताना किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत इजा होते, म्हणून हे होतं. दिवस भरायच्या आत जन्म, फार कमी वजन, गरोदरपणात रुबेलासारखं इन्फेक्शन, बाळाला मेंदूज्वर. विळीचा काय संबंध?

पोलिओ तर साफ वेगळा. त्यात मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, पाय लुळा पडतो. इथं बिघाड मेंदूत असतो आणि बहुतेक लेकरांचे स्नायू उलट कडक होतात.

डिलिव्हरीचं थोडं खरंय, बाळ रडलं नाही, ऑक्सिजन कमी पडला तर होऊ शकतं. पण बऱ्याच लेकरांत इजा कळा सुरू व्हायच्या आधीच झालेली असते.

अन् काविळीबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही! नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य मेंदूत शिरतं, मग हातपाय वेडेवाकडे हलतात, कानानं कमी ऐकू येतं, आणि हे निळ्या लाईटखाली ठेवून वेळेत टाळता येतं. आपल्याकडं मात्र गळ्यात काविळीची माळ घालून वाट बघत बसतात. पहिल्याच दिवशी बाळ पिवळं दिसलं, तळपाय पिवळे पडले, दूध ओढंना झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मतिमंदच असतात हेही खोटं, साधारण निम्म्या लेकरांची बुद्धी चांगली असते, पण काहींना तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत म्हणून बोलता येत नाही, लाळ गळते, अन् लोक वेडं ठरवून मोकळे होतात.

सगळ्यात घातक ते ‘आपोआप’. मेंदूची इजा वाढत नाही हे खरं, पण भरूनही येत नाही, आणि लेकरू वाढतं तसे स्नायू आखडतात, खुबा सरकतो. मालिशनं तेवढ्यापुरता आराम पडेल, पण फिजिओथेरपीची जागा ती घेत नाही. सात महिन्यांचं लेकरू खुळखुळा दरवेळी डाव्याच हातानं धरतंय, उजव्याची मूठ अंगठा आत घालून घट्ट मिटलेली, आणि आजी कौतुकानं म्हणते डावखुरं हाय. वर्षाच्या आत असा एकच हात चालला तर ते लक्षण समजा. चार महिने झाले तरी मान धरली नाही, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, तेव्हाही तसंच. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान लेकरांच्या तपासणीचं केंद्र असतं, तिथं न्या. अंगणवाडीत तपासायला येणारं आरबीएसके, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तिकडं पाठवतं, त्यांना स्वतःहून सांगा.