प्राइमचा शिक्का म्हणजे जंतुमुक्तीचा दाखला नव्हे

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या बीफच्या ग्रेडबद्दल, म्हणजे प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा वरून खाली उतरत जाणाऱ्या दर्जांच्या सरकारी शिक्क्यांबद्दल, एक मेसेज फिरतोय. ‘बीफ घेताना शिक्का बघा. प्राइम म्हणजे सरकारने तपासलेलं, जंतुमुक्त मांस, कच्चट राहिलं तरी चालतं. सिलेक्ट म्हणजे म्हाताऱ्या, आजारी जनावरांचं. काळपट मांस म्हणजे शिळं. आणि ग्रेडिंगचे पैसे कंपन्याच भरतात, म्हणजे शिक्के विकत मिळतात.’ शिक्के विकतचे असतील तर प्राइमवर एवढा भरवसा का ठेवायचा, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या कुणालाही पडलेला दिसत नाही.

माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “प्राइमचा खिमा आणला तर छोटीला आतून गुलाबी बर्गर द्यायला हरकत नाही ना?” छोटी तीन वर्षांची आहे. म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

ही ग्रेड ठरवणारा ग्रेडर नेमकं काय बघतो? कापलेल्या जनावराचं धड थंड झालं की बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये काप देतात. तिथे उघड्या पडलेल्या मोठ्या स्नायूत, म्हणजे रिबआयमध्ये, चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा किती आहेत हे तो बघतो. यालाच मार्बलिंग म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॅमेरा करतो. जोडीला जनावराचं वय, मांसाचा रंग आणि पोत. मांस शिजल्यावर किती मऊ, रसाळ आणि चविष्ट लागेल याचा हा अंदाज असतो. कृषी खात्याचं बीफ ग्रेडचं मानक कुणालाही वाचता येतं. त्यात मार्बलिंगवर आणि वयावर पानंच्या पानं आहेत, जंतूंच्या चाचणीची अट कुठेही नाही.

आजारी जनावर बाजूला काढणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळा विभाग करतो. ती तपासणी १९०६ च्या कायद्यापासून सक्तीची आहे, कत्तलीआधी आणि नंतरही होते आणि तिचा शिक्का गोल असतो. ग्रेडचा शिक्का ढालीच्या आकाराचा, आणि ग्रेडिंग ऐच्छिक. ग्रेड न घेता मांस विकता येतं, तपासणीशिवाय नाही. पण तपासणीत पास झालेलं मांससुद्धा निर्जंतुक नसतं.

आणि खिम्याच्या बाबतीत तर हा मेसेज जीवावर बेतेल. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, तव्यावर ते मरतात. खिमा करताना तीच वरची बाजू आत मिसळते, शिवाय एका पाकिटात अनेक जनावरांचं मांस असू शकतं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात नीट न शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ ची साथ पसरली. सातशेहून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. लहान मुलांची मूत्रपिंडं या जंतूच्या विषाने निकामी होऊ शकतात. त्या साथीनंतर, १९९४ मध्ये, हा जंतू असलेला कच्चा खिमा कायद्याने भेसळयुक्त ठरवला गेला. खिमा कोणत्याही ग्रेडचा असो, मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस (१६० फॅरेनहाइट) झालाच पाहिजे, आणि तेही थर्मामीटर खुपसून बघायचं. रंगावर जाऊ नका, खिमा त्याआधीच तपकिरी दिसू शकतो.

सिलेक्टचं म्हणाल तर मेसेज सरळसरळ उलटा आहे. सिलेक्ट ही ग्रेड फक्त सर्वांत कोवळ्या वयोगटाला, ढोबळमानाने तीस महिन्यांच्या आतल्या जनावरांनाच मिळते. प्राइम आणि चॉइसमध्ये त्याच्या पुढचा गटही बसतो. सिलेक्टमध्ये चरबी कमी, म्हणून ते जरा कोरडं लागतं, इतकंच. १९८७ पर्यंत याच ग्रेडचं नाव ‘गुड’ होतं. म्हाताऱ्या गाईंचं मांस कमर्शियल, युटिलिटी, कटर, कॅनर अशा खालच्या ग्रेडमध्ये जातं, आणि त्याचाही अर्थ ‘आजारी’ असा होत नाही.

पैसे कंपन्या भरतात, हे मात्र खरं आहे. नाइलाजाने मान्य करते. पण ती फी ग्रेडरच्या वेळेची असते, दिलेल्या ग्रेडची नाही, आणि ग्रेडर कृषी खात्याचा माणूस असतो, कंपनीचा नोकर नव्हे. शिक्के विकत मिळत असते तर सगळंच प्राइम झालं असतं. प्रत्यक्षात ग्रेड झालेल्या मांसात सर्वांत मोठा वाटा चॉइसचा आहे.

राहिला रंग. व्हॅक्युम पॅकमधलं मांस हवा न लागल्याने जांभळट दिसतं, उघडून ठेवलं की थोड्या वेळात लाल होतं. दुसरं कारण, कत्तलीआधी जनावरावर ताण आला तर स्नायूतली साखर आधीच संपते, पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि मांस गडद राहतं. अशा धडाची ग्रेड उतरवतात. ते कमी टिकतं, तेव्हा मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. पण कमी टिकणारं म्हणजे शिळं नव्हे. शिळं मांस वासावरून आणि वरच्या बुळबुळीत थरावरून कळतं.