‘बेस विकून टाका’ या सल्ल्याला उत्तर

मोजणीच्या कामातल्या लोकांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: उपग्रहांवरून मोजणी करताना ज्ञात जागी ठेवून फिरत्या रिसीव्हरला (रोव्हरला) चुकीची दुरुस्ती म्हणजे करेक्शन पाठवणाऱ्या बेस स्टेशनचे दिवस संपले, ते विकून टाका. नेट असेल तिथे नेटवर्क आरटीके (कायमच्या स्टेशनांचं नेटवरून जागच्या जागी मिळणारं करेक्शन) वापरा, नसेल तिथे सॅटेलाइटवरून येणारं करेक्शन घ्या, दोन्हीकडे सेंटिमीटरच मिळतो. फिक्स (रिसीव्हरने पक्का ठरवलेला निकाल) आला की शंका मिटली. सर्व्हिस कोणतीही घ्या, कोऑर्डिनेट तेच येणार. उंचीही त्यातच मिळते, त्यामुळे लेव्हलिंगची (लेव्हल यंत्र आणि स्टाफ पट्टीने उंची मोजण्याची) कटकट गेली.

यातला पहिला दावा अर्धा खरा आहे. पुढचे मात्र महागात पडणारे आहेत.

‘बेसचे दिवस संपले.’ दाट कॉर्स नेटवर्कच्या (कायम चालू असलेल्या संदर्भ स्टेशनांच्या जाळ्याच्या) आत, मोबाईल डेटा नीट चालतो अशा ठिकाणी, हे मान्य करायला मला अडचण नाही. बेस लावायला नको, त्याच्यावर राखण बसवायला नको, एकटा माणूस रोव्हर घेऊन काम उरकतो. पण ‘नेटवर्क’ म्हणून जे मिळतं ते नेहमी नेटवर्कच असतं असं नाही. माउंटपॉइंटच्या (सेवेत निवडायच्या करेक्शन-प्रवाहांच्या) यादीत एखादं नाव जवळच्या एकाच स्टेशनचं असतं, तर दुसरं आजूबाजूच्या अनेक स्टेशनांवरून तुमच्या जागेसाठी हिशेब करून देणारं, म्हणजे व्हीआरएस (आभासी संदर्भ स्टेशन). एकाच स्टेशनवरून काम करत असाल तर अंतराची किंमत मोजावी लागते. बहुतेक रिसीव्हरच्या माहितीपत्रकात आडव्या अचूकतेसाठी ८ मिमी + १ पीपीएम असा आकडा असतो. १ पीपीएम म्हणजे दर किलोमीटरला १ मिमी. स्टेशन ४० किमीवर असेल तर कागदावरच ४८ मिमी झाले, आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळलेलं असेल तर इतक्या अंतरावर फिक्स टिकेलच असं नाही.

व्हीआरएसमध्ये वेगळा चकवा आहे. नेटवर्क तुमच्या अगदी शेजारी एक काल्पनिक बेस उभा करतं, म्हणून रिपोर्टात बेसलाइन (बेस ते रोव्हर अंतर) काही मीटरची दिसते. खरं स्टेशन ३५ किमीवर असू शकतं. रोव्हरचा अचूकतेचा अंदाज त्या काही मीटरवर बेतलेला असल्यामुळे तो वाजवीपेक्षा गोड असतो. काही सेवा १०३२ क्रमांकाच्या आरटीसीएम (करेक्शन पाठवण्याची प्रमाण पद्धत) संदेशातून खऱ्या स्टेशनची जागा कळवतात. ती मिळत असेल तर बघावी. नेटवर्कच्या कडेबाहेर गेलात तर हिशेब आजूबाजूच्या स्टेशनांच्या मधला राहत नाही, तो पुढे ताणलेला असतो. स्क्रीनवर याचा पत्ता लागत नाही.

‘नेट नसेल तिथे सॅटेलाइट करेक्शन, तेही सेंटिमीटरचं.’ इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. आरटीकेमध्ये बेस आणि रोव्हर एकच आकाश बघतात, त्यामुळे हवेमुळे येणारी चूक बरीचशी परस्पर कटते. पीपीपीमध्ये, म्हणजे सॅटेलाइट करेक्शनच्या बेसशिवाय चालणाऱ्या पद्धतीत, उपग्रहाची कक्षा, त्याचं घड्याळ, सिग्नलमधले बायस (ठराविक सरक) या चुका वेगवेगळ्या कळवल्या जातात. तुमच्या डोक्यावरच्या हवेचा हिशेब रिसीव्हरला स्वतः लावावा लागतो. उपग्रह आकाशात थोडे सरकल्याशिवाय तो लागत नाही. म्हणून साध्या पीपीपीला स्थिरावायला २०-३० मिनिटं लागतात. त्या प्रदेशावरच्या हवेच्या थरांचं मॉडेल सोबत देणाऱ्या सेवा हे काम मिनिटभरात करतात, पण ते मॉडेल जिथे उपलब्ध आहे तिथेच. जपानच्या क्यूझेडएसएस या उपग्रहप्रणालीवरून नोव्हेंबर २०१८ पासून मिळणारी सेंटिमीटर पातळीची मोफत सेवा जपानपुरतीच आहे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहप्रणालीची मोफत हाय अ‍ॅक्युरसी सेवा २४ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, पण तिचं उद्दिष्ट आडवं २० सेंमी आणि उभं ४० सेंमी आहे. जीआयएसच्या (संगणकीय नकाशांच्या) नोंदींना उत्तम, हद्दीच्या दगडाला नाही.

शिवाय ही करेक्शनं अनेकदा भूस्थिर उपग्रहावरून येतात. तो आकाशात एकाच जागी असतो. त्या बाजूला डोंगर किंवा उंच भिंत असेल तर दिवसभर थांबूनही तो दिसत नाही. झाडीत लॉक (सिग्नलची पकड) तुटला की स्थिरावण्याची वाट पुन्हा पहिल्यापासून बघावी लागू शकते.

‘फिक्स आला की शंका मिटली.’ फिक्स म्हणजे उपग्रहापासून अँटेनापर्यंत पूर्ण तरंगलांबी किती बसतात तो आकडा रिसीव्हरने ठरवला. एल१ या उपग्रह-सिग्नलची तरंगलांबी सुमारे १९ सेंमी. काचेच्या इमारतीशेजारी किंवा झाडाखाली परावर्तित सिग्नलमुळे आकडा चुकीचा ठरला, तर जागा काही डेसिमीटर सरकते आणि स्क्रीन मात्र १ सेंमी दाखवत राहते. हे पकडायचं तर लॉक मुद्दाम तोडून पुन्हा फिक्स घ्यायचा, आणि महत्त्वाचे पॉइंट तासाभरानंतर, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, परत मोजायचे.

याहून वाईट चूक बेसच्या कोऑर्डिनेटमधली, कारण फिक्सला ती कळूच शकत नाही. कोणी घाईत ‘इथेच’ म्हणून बेसला स्वतःची जागा स्वतःच ठरवू दिली, तर ती काही मीटर चुकलेली असते. सगळे पॉइंट मग तितकेच एकत्र सरकतात. त्यांच्यातली अंतरं जवळपास बरोबर येतात (बेसमध्ये साधारण २० मीटर चूक असेल तेव्हा कुठे १ पीपीएम फरक पडतो), म्हणून टेप लावून तपासलं तरी सापडत नाही. ज्ञात कंट्रोल पॉइंटवर (आधीच अचूक मोजलेल्या खुणेवर) रोव्हर ठेवून पाहणं एवढाच उपाय. तो आपल्या बेसला लागू आहे तसाच विकतच्या सेवेलाही.

‘सर्व्हिस कोणतीही घ्या, कोऑर्डिनेट तेच.’ माझ्या मते सगळ्या मजकुरात सर्वांत घातक वाक्य हेच. करेक्शनसोबत तुम्ही अचूकता घेता तशीच एक फ्रेमही (कोऑर्डिनेट ज्या संदर्भात मोजले जातात ती चौकट) घेता. आरटीकेमध्ये रोव्हर बेसच्या कोऑर्डिनेटच्या जगात राहतो. कंट्रोलरवर (रोव्हरसोबतच्या हातातल्या यंत्रावर) ‘डब्ल्यूजीएस ८४’ ही जीपीएसची फ्रेम लिहिलेली असलं तरी प्रत्यक्षात ती बेसला दिलेली फ्रेम असते. पीपीपी सेवा साधारणपणे आयटीआरएफ या जागतिक फ्रेममध्ये, मोजणीच्या दिवसाच्या इपॉकला (ज्या तारखेची जागा ती तारीख) उत्तर देते. आणि जमीन एका जागी थांबलेली नाही. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंमी सरकतो. म्हणूनच तिथल्या जीडीए९४ आणि जीडीए२०२० या दोन डेटमांमध्ये (देशाने ठरवलेल्या फ्रेममध्ये) सुमारे १.८ मीटरचा फरक आहे. युरोपात ईटीआरएस८९ हे १९८९ च्या आरंभाला आयटीआरएफशी जुळवून भूपट्टाला बांधलेलं आहे. तेव्हापासून वर्षाला अडीच सेंमीच्या आसपास सरकून आता दोघांत ८० सेंमीहून जास्त अंतर पडलं आहे.

म्हणजे एकाच खांबावर सकाळी नेटवर्क आरटीके आणि दुपारी पीपीपी घेतलं, दोन्ही निर्दोष चालले, दोन्हींनी २-३ सेंमीची खात्री दिली, तरी उत्तरांत पाऊण मीटर तफावत येऊ शकते. कोणाचीच चूक नाही. दोन टेपांचा शून्य वेगळ्या जागी आहे, इतकंच. अर्धं काम एका स्रोतावर आणि नेट गेलं म्हणून उरलेलं दुसऱ्यावर केलं, तर सांधा बरोबर तिथेच फाटतो. काही रिसीव्हर पर्यायी स्रोतावर आपोआप जातात आणि कंट्रोलरवर फक्त एक छोटं चिन्ह बदलतं. ती सोय आधी फ्रेम जुळवूनच चालू करावी, नाहीतर बंद ठेवावी. सेवा घेण्याआधी विक्रेत्याला अचूकतेच्या आधी विचारायचा प्रश्न हा: फ्रेम कोणती, इपॉक कोणता, आणि माझ्या प्रकल्पाच्या कंट्रोलवर आणायचं रूपांतर तुम्ही करता की मी? गोलमोल उत्तर आलं तर ती सेवा जुन्या कंट्रोलवरच्या कामाला घेऊ नये.

बेस विकायचा की नाही, याचंही उत्तर इथे आहे. प्रकल्पाच्या कंट्रोलवर उभा केलेला स्वतःचा बेस फ्रेमचा प्रश्नच उरू देत नाही, यूएचएफ रेडिओवर तो नेटशिवाय चालतो, आणि कच्चा डेटा नोंदवून ठेवला तर नंतर पीपीके (मोजणी झाल्यावर संगणकावर लावलेलं करेक्शन) करता येतं. जवळचा असल्यामुळे आयनोस्फिअरच्या वाईट दिवशीही तो लांबच्या स्टेशनपेक्षा बरा टिकतो. १०-११ मे २०२४ च्या सौरवादळात आरटीकेवर चालणारे ट्रॅक्टरसुद्धा भरकटले होते. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर सिग्नल थरथरतात तेव्हा मात्र जवळचा बेसही फारसा उपयोगी पडत नाही. ते काम सकाळवर ढकलावं. कंट्रोल कुठेच नसेल तर बेसवर काही तास स्टॅटिक (न हलवता) निरीक्षण करून त्याची जागा पीपीपीने काढता येते आणि मग रोव्हर त्या बेसवर चालवता येतो.

‘उंचीही त्यातच मिळते.’ मिळते, पण इलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची). पाणी जिऑइडप्रमाणे (सरासरी समुद्रपातळीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाप्रमाणे) वाहतं. या दोन पृष्ठभागांतला फरक जगभरात उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतो, आणि तो भरून काढायला जिऑइड मॉडेल लागतं. तुमची उंची त्या मॉडेलइतकीच चांगली. त्यावर आरटीकेची स्वतःची उभी चूक आडवीच्या दीडपट-दुप्पट. १००० ला १ उताराच्या गटारात ५० मीटरला ५ सेंमी उतार असतो. दोन्ही टोकांना प्रत्येकी २-३ सेंमीची अनिश्चितता असेल, तर तो उतार बराच कमी आहे की दुप्पट, हे रोव्हर सांगू शकत नाही. तिथे लेव्हल आणि स्टाफ काढावाच लागतो.