बाईंचा लेख उडाला, चूक बाईंची नव्हती

आज सकाळी साडेसातला बाईंचा मेसेज आला. "माझ्यावर केस वगैरे होणार नाही ना? तिथं प्रताधिकार भंग असं लिहिलंय." बाई म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मराठी विकिपीडियावर त्यांनी आपल्या गावच्या जुन्या मोटेच्या विहिरीवर लेख लिहिला होता. तो काढून टाकला गेला, आणि आता त्यांना वाटतंय की घरी पोलीस येतील. तेव्हापासून डोकं तापलंय माझं. पोस्ट लांब होणार आहे.

बाई, केस होणार नाही. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट. दुसऱ्याच्या लिखाणातला उतारा उचललेला दिसला की लेख काढतात आणि विषय तिथेच संपतो. पुन्हा पुन्हा तेच केलं तर खातं गोठवतात, एवढंच.

आता राग कशाचा ते सांगतो. २७ फेब्रुवारीला एका महाविद्यालयात विकिपीडिया कार्यशाळा झाली. नाव घेत नाही. चाळीस जण, त्यांत बाईही, तीन तास, संगणक प्रयोगशाळा. फळ्यावर लिहिलं होतं, "प्रत्येकी एक नवा लेख". मराठी भाषा गौरव दिनाला चाळीस लेख वाढले की फोटो काढायचा, बातमी द्यायची आणि घरी जायचं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला बसवणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी विहिरीत ढकलणं. आणि बाई बुडाल्या त्या विहिरीवरच्याच लेखात!

सगळं पहिल्या दहा मिनिटांतच बिघडलं. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. खोट्या खात्यांची फौज उभी राहू नये म्हणून ही मर्यादा आहे. चाळीस जण एकाच वायफायवर बसले की सातव्याला नकार मिळणारच. ज्यांनी एकदा जरी कार्यशाळा नीट घेतली असेल त्यांना हे ठाऊक असतं. सगळ्यांना आदल्या दिवशी आपापल्या घरून, आपापल्या मोबाइल डेटावर खातं उघडून यायला सांगायचं, नाहीतर कार्यक्रमाच्या काही दिवस आधी मर्यादा शिथिल करून मागायची. दोन्ही होतं. इथे काय केलं? महाविद्यालयाच्या नावाचं एक खातं उघडलं आणि उरलेल्या चौतीस जणांना त्याचा पासवर्ड दिला.

खातं एका माणसाचं असतं. संस्थेचं नाही आणि वाटून वापरायचं तर मुळीच नाही, हा विकिपीडियाचा जुना नियम आहे. त्यामागचं कारण बाईंच्या बाबतीत लख्ख दिसतं. लेखाच्या 'इतिहास' पानावर प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला ते कायमचं नोंदलं जातं. बाईंनी पुढे तीन दिवस बसून लिहिलं, पण तिथे नाव महाविद्यालयाचं. लेखात गडबड आहे हा निरोप गेला तोही त्या सामायिक खात्याच्या चर्चापानावर (निरोप-संवादाचं पान), आणि तिथे डोकावणारं कोणीच नव्हतं. बाईंना तो आज दिसला. तोवर लेख गेलेला.

लेख काढणं बरोबर होतं का? होतं. मन मारून म्हणतो, पण होतं. अर्ध्याहून अधिक मजकूर गावच्या यात्रा कमिटीने २००४ साली छापलेल्या स्मरणिकेतून जसाच्या तसा घेतला होता. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, ६० वर्षं त्याच्या लिखाणावर प्रताधिकार राहतो. स्मरणिकेचे लेखक गावातच आहेत आणि बाईंना तोंडी म्हणाले होते, "घाला की, आपलंच आहे." तोंडी परवानगी इथे चालत नाही. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, म्हणजे उद्या कोणीही तो घेऊन, बदलून, पुस्तकात छापून विकू शकतो. लेखकाला याची कल्पना हवी आणि तशी लेखी संमती त्याने स्वतः विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या परवानगी पाहणाऱ्या गटाला ई-मेलने कळवायला हवी. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्मरणिका वाचायची, मिटायची, आपल्या शब्दांत चार वाक्यं लिहायची आणि स्मरणिकेचा संदर्भ द्यायचा. माहितीवर प्रताधिकार नसतो, मांडणीवर असतो. शाळेत बाई मुलांना निबंध असेच लिहायला लावायच्या. कार्यशाळेत हे एक वाक्य कोणी बोललं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं!

अनेकांना वाटतं की धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, काहीही चिकटवलेलं चालतं, नंतर बदलू. चालत नाही. धूळपाटी सरावासाठी असली तरी तिथे जतन केलेली प्रत्येक आवृत्तीही इतिहासात राहते, त्यामुळे उचललेला मजकूर तिथेही उचललेलाच ठरतो. आणि सराव करायचा तो आपल्या सदस्यनावाखालच्या धूळपाटीवर. सगळ्यांसाठी असलेली धूळपाटी कोणीही येऊन पुसतं.

मग त्या तीन तासांत काय शिकवायला हवं होतं? पहिला तास फक्त असलेल्या लेखांतल्या चुका. आपल्या तालुक्यातल्या गावाचा लेख उघडा. मराठी विकिपीडियावर गावांचे ढीगभर लेख आहेत, त्यांतल्या पुष्कळांत गावाचं नाव बदललं की बाकी वाक्यं तीच. त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. खाली बदलांचा सारांश लिहायची चौकट असते, तिच्यात "शुद्धलेखन" एवढं लिहा. नवे लोक ही चौकट हमखास रिकामी सोडतात, मग अलीकडील बदलांवर नजर ठेवणाऱ्याला प्रत्येक बदल उघडून बघावा लागतो. आधी झलक पहा, मग प्रकाशित करा. एवढं जमलं की माणूस संपादक झाला. पहिला बदल टिकलेला दिसला की जो हुरूप येतो तो भाषणांनी येत नाही.

मग दुवे. दोन चौकटी कंस आणि मध्ये लेखाचं नाव: [[पुणे]]. पण आपली भाषा नुसतं 'पुणे' कुठे म्हणते? ती 'पुण्यात' म्हणते, 'साताऱ्याहून' म्हणते. सामान्यरूपाने शब्दाचं अंगच बदलतं, म्हणून मध्ये उभी रेघ देऊन लिहायचं: [[पुणे|पुण्यात]], [[सातारा|साताऱ्याहून]]. इंग्रजी पुस्तिका समोर ठेवून शिकवणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. मग लाल दुव्यांची रांग लागते, कारण 'पुण्यात' नावाचा लेख नसतोच.

'साताऱ्याहून'मधला ऱ्य सुद्धा मराठीचीच डोकेदुखी. हे अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतं: नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. तीच गत ॲ ची. एकाने एका तऱ्हेने शीर्षक दिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर लेख असून दुवा लाल दिसतो आणि त्याच विषयावर दुसरा लेख उभा राहतो. शीर्षकात अशी अक्षरं असतील तर दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन, म्हणजे मूळ लेखाकडे नेणारं पान, लगेच करून ठेवावं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तर चिकटवूच नका, तो युनिकोड नसतो, पानावर नुसत्या खुणा उमटतात. टंकलेखनाची अडचण असेल तर संगणकावर संपादनाच्या चौकटीत कंट्रोल आणि एम एकदम दाबा. लिप्यंतरण (रोमन अक्षरांतून मराठी) किंवा इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक), जे निवडलं असेल ते चालू होतं, पुन्हा दाबलं की बंद. बाई मोबाइलवर एका बोटाने लिहीत होत्या. तीन दिवस.

आणि मग संदर्भ. खरं काम हेच, आणि कार्यशाळेत याला शेवटची पाच मिनिटं मिळाली. आपल्याला ठाऊक असणं पुरत नाही, ते कुठे छापलंय हे दाखवावं लागतं. लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा सांगतात. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १७१९ ते १७२४ येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी जानेवारीनंतर पडली तर ७९ मिळवायचे, इथे भलेभले चुकतात. पण विहिरीवरचा शिलालेख स्वतः वाचून मी तो काळ लेखात घातला तर ते माझं संशोधन झालं, आणि ते विकिपीडियावर चालत नाही. कोणा अभ्यासकाने केलेलं आणि छापलेलं वाचन हवं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांक. पान क्रमांक नसेल तर पडताळणारा काय चारशे पानं वाचेल? पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकून संदर्भ आपोआप भरण्याची सोय आहे, पण मराठी पुस्तकांना ती बऱ्याचदा दगा देते, हातानेच भरायची तयारी ठेवा. वर्तमानपत्राचा दुवा दिलात तर त्याच वेळी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणारं संकेतस्थळ) त्याची प्रत जतन करा, दोन वर्षांनी मूळ पान उघडेलच असं नाही.

आता बाईंच्या लेखाचा जो भाग स्मरणिकेतला नव्हता तो सांगतो, कारण जीव जळतो तो त्यासाठी. दोन परिच्छेद त्यांचे स्वतःचे होते. मोटेचा जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोल. बैल ज्या उतरणीवरून चालतात ती धाव, आणि मोटेचं पाणी जिथे ओतलं जातं ते थारोळं. लहानपणी त्यांनी हे सगळं चालताना पाहिलंय. हे शब्द आज किती जणांच्या तोंडी आहेत? पण उचललेल्या मजकुरात गुंतलेले असल्यामुळे तेही लेखाबरोबर गेले, आणि बाईंकडे दुसरी प्रत नव्हती, कारण थेट चौकटीतच लिहायला सांगितलं होतं! नोंदवहीत, वर्डमध्ये, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून, कुठेही लिहा, पण आधी बाहेर लिहा. (काढलेला लेख सगळ्यांना दिसेनासा होतो, प्रचालकांना, म्हणजे लेख काढायचा अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना, मात्र दिसतो. आपण लिहिलेला भाग नम्रपणे मागितला तर ते काढून देऊ शकतात. ती विनंती आज करतोय.)

त्या दोन परिच्छेदांनाही संदर्भ लागलेच असते, हे खरं. पण ते मिळण्यासारखे होते! दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, मोल्सवर्थचा १८५७चा कोश आहे. मोटेचे शब्द तिथे सापडतात. केतकरांचा ज्ञानकोशही आहे, आणि केतकर १९३७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लिखाणावरचा प्रताधिकार कधीच संपला. राज्य सरकारच्या मराठी विश्वकोशाचं तसं नाही. त्याचा संदर्भ खुशाल द्या, मजकूर उचलू नका. सरकारी म्हणजे सगळ्यांचं, असं कार्यशाळेत कोणीतरी म्हणालं होतं म्हणे. चूक आहे ते.

बाईंच्या लेखात "आमच्या गावची सुप्रसिद्ध विहीर" असंही होतं. 'आमच्या' जातं, 'सुप्रसिद्ध' जातं, 'थोर', 'आदरणीय', 'कै.' हेही जातं. 'गेल्या वर्षी दुरुस्ती झाली' याला तर काहीच अर्थ नाही, वाचणारा दहा वर्षांनी वाचत असेल. साल लिहा. फोटो व्हॉट्सअॅपवर आलेला होता, काढणारा कोण ते माहीत नाही. तोही जाणारच. विहीर गावातच आहे, बाईंनी आपल्या फोनने काढून 'स्वतःचे काम' म्हणून कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त फोटोंच्या भांडारात, चढवला असता तर कोणी हात लावला नसता.

प्रचालकांवर मी सकाळी फार चिडलो होतो, आता तेवढा नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आहेत, पगार नाही, आणि अशा एका कार्यशाळेनंतर चाळीस लेख निस्तरायचे. तरीही सूचनेच्या तयार साच्याखाली एक माणसाचं वाक्य लिहायला काय हरकत आहे? "मोटेची माहिती छान आहे, ती आपल्या शब्दांत पुन्हा लिहा, मदत करतो." अर्ध्या मिनिटाचं काम. प्रताधिकार हा शब्द ज्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचला त्याच्यासाठी त्या अर्ध्या मिनिटाने सगळं बदलतं. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे, आणि जे टिकले त्यांतल्या बहुतेकांना सुरुवातीला कोणीतरी असं एक वाक्य लिहिलेलं असतं.

बाईंशी दुपारी बोललो. "आता नको बाबा," म्हणाल्या आधी. मग विचारलं, "थारोळं कोशात खरंच आहे?" आहे म्हटलं. आज रात्री त्या घरून स्वतःच्या नावाचं खातं उघडणार आहेत. नवा लेख नाही, 'मोट' या विषयावर आधीपासून काय आहे ते बघायचं, आणि त्यात एक वाक्य, एक संदर्भ, सारांशात "थारोळे: संदर्भासह भर". बस्स. चर्चापानावर काही विचारायचं असेल तर शेवटी चार नागमोडी रेघा ~~~~, म्हणजे सही आपोआप पडते, हेही सांगून ठेवलंय.

कोणाच्या घरी दाते-कर्वे शब्दकोशाचे खंड असतील तर 'थारोळे', 'धाव', 'नाडा' आणि 'सोल' या नोंदींचे खंड आणि पान क्रमांक इथे कमेंटमध्ये टाका. फोटो नको, क्रमांक पुरे. रात्री नऊच्या आत मिळाले तर बरं.